खडी मंडळ आणि संदेशचं उप्साला

सायकलवर बसलेल्या माणसाला करण्यासारखं तसं फार काही नसतं. पेडल मारायचं आणि पडायचं नाही, बास! तरी आमच्या मंडळाची एकही राइड अशी गेली नाही की येताना एखादा किस्सा बरोबर आला नाही. चार वर्षं मी ओरडतेय, अरे कुणीतरी हे लिहून ठेवा रे. सगळे माना डोलावतात आणि पुढचा घास घेतात. शेवटी म्हटलं, शुभे, आता तूच बस.

तर आम्ही पाच जण. राहणार डब्लिन. आयर्लंडमधलं नव्हे, ओहायोतलं. मी शुभा, मूळची नागपूरची, त्यामुळे आवाज मोठा. माझा नवरा मिलिंद, मूळचा पुण्याचा, त्यामुळे मतं मोठी. रिटायर्ड पाटणकर काका, वय सहासष्ट, उत्साह सोळा. रेवा, इथेच जन्मलेली, सत्तावीस वर्षांची, मराठी सगळं कळतं पण रागावली की फक्त इंग्रजी. आणि संदेश, इचलकरंजीचा, आयटीतला. हे सगळं ज्याच्यामुळे सुरू झालं तो.

गाड्या नसलेल्या खडीच्या रस्त्यांवर आम्ही रविवारी सकाळी सायकली चालवतो. इंग्रजीत ह्याला ग्रॅव्हल रायडिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळी सायकल, वेगळे टायर, वेगळी चड्डी असं सगळं मिळतं. मराठीत आम्ही खडी मंडळ.

*

संदेश आम्हाला भेटला तो गणपतीत, प्रसादाच्या लाइनीत. मिलिंदनं सहज विचारलं, "वीकेंडला काय करता?" झालं! पुढची चाळीस मिनिटं आम्ही स्वीडनमध्ये होतो.

अमेरिकेत यायच्या आधी तो दीड वर्ष उप्सालाला प्रोजेक्टवर होता. उप्साला म्हणजे स्वीडनमधलं फार जुनं गाव. मधोमध दोन उंच मनोऱ्यांचं चर्च, जवळच जुन्या राजांच्या मातीच्या टेकड्या, आणि गावाबाहेर पडलं की मैलोन् मैल खडीचे रस्ते. शेतांतून, जंगलांतून. दिवसभरात एक गाडी दिसली तर दिसली.

"उप्सालाला ना, तुम्ही हात सोडून सायकल चालवू शकता," संदेश म्हणाला. "हॉर्न म्हणून ऐकू येत नाही."

"मग माणसांना कळतं कसं कुणी रागावलंय ते?" पाटणकर काकांनी विचारलं.

त्या दिवशी संदेशनं प्रसादाची वाटी हातात धरून शब्द दिला. "एकदा तुम्हाला सगळ्यांना उप्सालाला नेणार. मी पुढे, तुम्ही मागे. एकेक वळण दाखवणार." हे तो गमतीत बोलत नव्हता हे कळायला आम्हाला थोडा वेळ लागला. तेव्हा पाच वर्षं अमेरिकेत वर्क व्हिसावर, ग्रीन कार्डच्या लाइनीत, आणि ह्या माणसाला हवं होतं काय? तर एकदा परत तो रस्ता, आणि ह्या वेळी बरोबर आपली माणसं. तिकडे तो दीड वर्ष एकटाच फिरला होता ना.

तर खडी मंडळ म्हणजे मुळात उप्सालाची प्रॅक्टिस. प्रॅक्टिसच चार वर्षं चालली, ही गोष्ट वेगळी.

*

पहिल्याच महिन्यात मी आईला फोनवर कौतुकानं सांगितलं, की आई, आम्ही हल्ली लांबलांब सायकलनं जातो. तिनं फोटो मागवला. पाठवला. थोड्या वेळानं तिचाच फोन.

"शुभे, हा रस्ता कुठला?"

"अगं, इथलाच. गावाबाहेरचा."

"अजून डांबर नाही पडलं?"

"नाही गं, तो तसाच ठेवतात. मुद्दाम."

आई म्हणाली, "आपल्या घरासमोर अकरा वर्षं अशीच खडी होती. तुझे बाबा नगरसेवकाकडे चकरा मारून मारून थकले. आणि तू त्याच खडीवर जायला गाडीच्या टपावर सायकल बांधून तासभर लांब जातेस?"

"हो."

"जावईबापूंना फोन दे."

जावईबापूंनी तिला सस्पेन्शन, टायरची रुंदी वगैरे सगळं समजावून सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी मला म्हणाली, "त्यांना रोज बदाम देत जा."

*

आता जावईबापूंचाच किस्सा. दसऱ्याच्या आठवड्यात मिलिंदची नवीन सायकल आली. कार्बनची. एका बोटानं उचलता येते असं तो शेजाऱ्यांना दाराशी बोलावून दाखवायचा. बरोबर ते नवीन बूटही आले, जे पेडलमध्ये खटकन् अडकतात. सोडवायचे तर टाच बाहेर फिरवावी लागते.

नवीन वाहन म्हटल्यावर पूजा आलीच. ट्रेलच्या पार्किंगमध्ये आम्ही सायकलला झेंडूचा हार घातला, हँडलला हळदकुंकू लावलं, काकांनी नारळ फोडला. आणि मिलिंदनं चाकाखाली लिंबू ठेवलं.

रेवा म्हणाली, "मिलिंद काका, इट्स नॉट अ कार."

"परंपरा आहे," मिलिंद म्हणाला. "गाडी असो, सायकल असो."

कारला चार चाकं असतात, ती लिंबावरून आरामात जाते. सायकलला दोन. मिलिंदनं एक बूट खटकन् अडकवला, दुसरा अडकवला, ऐटीत पहिलं पेडल मारलं, आणि ते लिंबू फुटायचं सोडून पुढे घरंगळलं! हँडल गर्रकन् फिरलं, मिलिंदला टाच बाहेर फिरवायची की आत तेच आठवेना, आणि अख्खं वाहन, हारासकट आणि मालकासकट, हळूऽऽहळू आडवं झालं. कसलीही घाई न करता.

पार्किंगमध्ये एक अमेरिकन आजी कुत्रा घेऊन उभ्या होत्या. त्या धावत आल्या. मिलिंद आडव्याचा आडवा, बूट अजून अडकलेले, गळ्यात आता सायकलचा हार. आजींनी काळजीनं विचारलं, हे तुमच्याकडे असंच करतात का?

"यस," मिलिंद म्हणाला. "एव्हरी टाइम."

लिंबाला ओरखडासुद्धा नव्हता. दुपारी सरबत केलं.

*

पाटणकर काका पंचेचाळीस वर्षं एकादशी करतायत, आणि एकदा रविवारीच एकादशी आली. आम्ही म्हटलं, काका, नका येऊ. पंचवीस मैलांची राइड आहे. काका म्हणाले, "मी उपाशी नाहीये, उपास आहे," आणि साबुदाण्याच्या खिचडीचा तीन पुडांचा डबा सायकलला बांधून हजर!

डबा चौथ्या मैलाला संपला. कारण मंडळातल्या चौघांना अचानक एकादशीबद्दल भक्ती वाटायला लागली.

अठराव्या मैलाला काका बाकावर बसले ते उठेनात. रंग उतरलेला, हात थरथरताहेत. मी घाबरलेच. रेवानं पाकीट फाडून एनर्जी जेल पुढे केलं. "काका, ईट धिस. नाऊ."

काकांनी पाकीट लांब धरलं, चष्मा वर केला. "उपासाला चालतं का बघ."

बघितलं. मक्यापासून केलेलं होतं!

"मका म्हणजे धान्य," काका म्हणाले. "नाही चालणार."

"पण ते पीठ नाहीये," मिलिंद म्हणाला. "साखर करताना त्याचं धान्यपण जातं."

"असं कुठे लिहिलंय?"

"नाही चालत असं तरी कुठे लिहिलंय?"

झाली चर्चा सुरू! माणूस भुकेनं पांढराफटक पडलाय आणि ही दोन पुरुषमंडळी मक्याचा धर्म ठरवतायत. संदेशनं इचलकरंजीला त्याच्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, राजगिरा असेल तर चालेल. आता ओहायोच्या जंगलात राजगिरा कुठून आणू? शेवटी मी फोन हिसकावला आणि माझा नागपुरी आवाज लावला. "काका! तुम्ही रोज बीपीची गोळी घेता ना? त्यात काय आहे ते कधी वाचलंत?"

"ते औषध आहे."

"हेही औषधच आहे. उघडा तोंड."

काकांनी डोळे मिटून जेल घेतलं. पाच मिनिटांत गाल लाल. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोच काका म्हणाले, "औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं असतं?"

त्या एकादशीला काकांनी सहा डोस घेतले.

*

ओहायोत अमिश लोकांची वस्ती आहे. ती माणसं मोटारी ठेवत नाहीत, घोडागाडीनं जातात. साहजिकच त्यांच्या बाजूला खडीचे मस्त रस्ते. संदेशनं एकदा तिथली राइड ठरवली. "आज शून्य ट्रॅफिक!"

एका लांबलचक चढावर आम्ही सगळे जीभ बाहेर काढून चढत होतो. मिलिंद पुढे, अंगात रेस जिंकल्यासारखी जर्सी, डोळ्यांवर गॉगल, बाराशे ग्रॅम कमी केलेली सायकल. मागून टप् टप् टप् ऐकू आलं. एक काळी घोडागाडी. आत पांढऱ्या दाढीचे आजोबा, मांडीवर भोपळा. त्यांनी आम्हाला एकेकाला सावकाश मागे टाकलं. मिलिंदच्या बरोबरीला आल्यावर लगाम जरा ओढला, त्याच्याकडे, मग त्याच्या सायकलीकडे नीट पाहिलं आणि अत्यंत सहानुभूतीनं विचारलं, मागे बसता का?

मिलिंद घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढी शांतता मी पहिल्यांदाच अनुभवली. घोड्याचे आभार मानायचे राहूनच गेले.

*

आणि मग गेल्या वर्षी खरंच तिकिटं काढली! पाच जणांची, ऑगस्टची. राहायची जागा, भाड्याच्या सायकली, सगळं संदेशनं केलं. महिनाभर त्याचे पाय जमिनीवर नव्हते. ऑफिसातल्या माणसांनासुद्धा तो उप्सालाचा नकाशा दाखवायचा.

घोळ झाला तो व्हिसाचा. आम्ही चौघं इथले सिटिझन, आम्हाला हे दुखणं नाही. संदेशच्या पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलेला. इथे राहून नोकरी करायला तो चालतो, पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकलं की परत आत यायला नवीन स्टॅम्प लागतो. त्यानं भारतात जाऊन स्टॅम्प घ्यायची अपॉइंटमेंट घेतलेली होती. ती पुढे ढकलली गेली. मग आणखी पुढे. वकिलानं स्वच्छ सांगितलं, बाहेर गेलास तर परत कधी येशील ह्याची खात्री नाही. नोकरी इथे, घर इथे, मुलगी चौथीत.

संदेशनं हे आम्हाला ट्रेलवरच सांगितलं, सायकलवरून न उतरता, समोर बघत.

मला इतका संताप आला म्हणून सांगू! नऊ वर्षं टॅक्स भरतो, शेजाऱ्यांचा बर्फ काढतो, आणि ह्याला आठ दिवस सायकल चालवायला जाता येत नाही? मी म्हटलं, "कॅन्सल. सगळ्यांचंच कॅन्सल करून टाकू." काकाही म्हणाले, "तुझ्याशिवाय कसलं उप्साला?"

संदेश कधी चिडत नाही. त्या दिवशी चिडला. "शुभाताई, तुम्ही कॅन्सल केलंत ना, तर मी मंडळ सोडीन. मी चार वर्षं काय भजन करत होतो का? तुम्ही जायचं. मी इथून नेतो."

"इथून म्हणजे?"

"फोनवरून."

पुढच्या आठवड्यात त्याचं डॉक्युमेंट आलं. एकवीस पानं! त्यात असं असं लिहिलेलं: "जंगलातल्या तिसऱ्या चढानंतर थांबा आणि मागे वळून बघा. फोटो काढू नका, नुसतं बघा." रेवानं ते वाचलं आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत राहिली. मिलिंदनं वाचलं आणि शुद्धलेखन तपासलं.

*

उप्साला सांगितलं होतं तस्संच निघालं, हाच मुळात मोठा धक्का. मला वाटलं होतं निम्मं तरी संदेश वाढवून सांगत असणार! पण नाही. चर्चचे ते दोन मनोरे खरंच मैलभर नव्हे, कित्येक मैलांवरून दिसत राहतात. रस्ते खरंच रिकामे. पहिल्या तासात आम्हाला एक ट्रॅक्टर, दोन बगळे आणि एक पाद्री भेटले. पाद्रीही सायकलवर.

माझा फोन हँडलला लावलेला, त्यावर व्हिडिओवर संदेश. आमच्याकडे दुपारचे बारा, ओहायोत सकाळचे सहा. ऑफिसच्या आधी आंघोळ बिंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, टेबलाशी बसलेला. जणू तोच मुलाखतीला आलाय.

"शुभाताई, आता उतार. उताराच्या शेवटी लाल घर दिसेल. तिथून डावीकडे."

लाल घर दिसलं. आम्ही डावीकडे वळलो. रस्ता एका गोठ्यात जाऊन संपला.

"हे नाही. दुसरं लाल घर. पांढऱ्या चौकटींचं."

तिथून वळलो. पुन्हा गोठा. वेगळ्या गाई.

"तुम्ही कुठलं घर बघताय नक्की? लाल पाहिजे. लाकडी. पांढऱ्या चौकटी."

मी सायकल थांबवली, फोन काढला आणि त्याला गोल फिरवून चारी दिशा दाखवल्या. "संदेश! ह्या देशात सगळी घरं लाल आहेत! सगळी लाकडी! सगळ्यांना पांढऱ्या चौकटी!"

"हो," तो म्हणाला. "मीही पहिले दोन महिने हरवतच होतो. ते डॉक्युमेंटमध्ये लिहायचं राहिलं."

त्याच दिवशी जंगलात काकांना निळ्या बोरांसारखी फळं दिसली. संदेश म्हणाला, ब्लूबेरी, हवी तेवढी तोडा, इथे कुणीही तोडू शकतं. ही चूक त्यानं करायला नको होती. "कुणीही" शब्द ऐकल्यावर काकांनी हेल्मेट काढलं, ते भरलं. मिलिंदनं पावसाच्या जॅकेटची पिशवी केली. राइड दोन तास बंद! रेवा आधी "दिस इज एम्बॅरसिंग" म्हणाली, मग तिनं दोन बाटल्यांतलं पाणी ओतून टाकलं. रात्रीच्या भाकरीबरोबर त्याचा मुरांबा झाला, दुसऱ्या दिवशी काकांच्या डोक्याला निळा रंग आणि तिसऱ्या दिवशी मुंग्या.

*

आता शेवटचा.

संदेशच्या एकवीस पानांतली शेवटची ओळ होती: "शेवटच्या दिवशी बिर्गिट्टाबाईंकडे कॉफी. मी कळवलंय." उप्सालाच्या बाहेर एका खेड्यात ह्या बाईंच्या घरातली एक खोली त्यानं दीड वर्ष भाड्यानं घेतली होती. घर अर्थातच लाल.

बिर्गिट्टाबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या. काटक, उंच, इंग्रजी मोजून बोलणाऱ्या. अंगणात टेबल मांडलेलं, वेलदोड्याचे बन्स, कॉफी. मी फोन दुधाच्या भांड्याला टेकवून उभा केला. त्यात संदेश. त्याला बघून त्यांनी नुसती मान हलवली, जणू तो कालच बाजारात गेला होता.

संदेश आपला हवापाण्याचं विचारत बसला. सफरचंदं धरली का, शेजारचा म्हातारा कसा आहे. म्हातारा गेला होता. बाई म्हणाल्या, "तू फार उशीर केलास."

मग त्या उठल्या आणि शेडमधून एक सायकल ढकलत घेऊन आल्या. हिरवी, जुनी. नवीन रंग दिलेला, फक्त नळीवरचा वीतभर जुना तुकडा तसाच सोडलेला. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं, कॉलेजात सायकल चोरीला जाऊ नये म्हणून रंगवायचो तसं, मराठीत नाव: संदेश.

जाताना तो म्हणाला होता, पुढच्या उन्हाळ्यात येतो, तोवर ठेवाल का? त्यांनी ठेवली. आणि सायकल नुसती उभी राहिली तर मरते म्हणून रोज चालवली. दुकानात, चर्चला, हिवाळ्यात खिळ्यांचे टायर लावून. नऊ वर्षं.

मी फोन उचलून सायकलीसमोर धरला. संदेश बघत होता. पुढचं चाक, चेन, ते नाव. त्याचा चेहरा असा काही झाला की मिलिंदनं मान फिरवली, आणि काकांनी हातातला बन परत ताटात ठेवला. मला रडू यायला लागलं, खोटं कशाला बोलू?

मग त्याचा आवाज आला.

"शुभाताई, सीट फार खाली आहे हो. त्या माझ्यापेक्षा उंच आहेत. त्यांना सांगा, दोन बोटं वर करून घ्या म्हणावं. गुडघे जातील अशानं."

मी बाईंना सांगितलं.

बाईंनी सीटवर हात ठेवला, फोनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ही तुझी उंची आहे. मी बदललेली नाही. तू ये आणि वर कर."

आमच्या चौघांच्याही सायकलींना पान्यांचा जुडगा लटकत होता. एकाचाही हात तिकडे गेला नाही.